देव्हाऱ्यातला कागद

माझ्या तोंडून हे अजून कधी बाहेर पडलेलं नाही. माणसांपुढं नाही, आणि देवापुढं तर मुळीच नाही — कारण तो कागद देवापुढंच ठेवलेला आहे. आज का सांगते, ते विचारू नका. मलाही धड ठाऊक नाही. पण कागदापासून सुरुवात करणार नाही. तेवढी छाती एकदम होत नाही.

मी आमच्या या उसाच्या बेटावर, फिनिक्स गावात, एका शाळेत शिकवते. एकटी राहते. दोन खोल्या, पुढं पेरूचं झाड, मागं शेजाऱ्यांच्या कोंबड्या. सकाळी उठून अर्धा तास चालते, पाऊस असला तर छत्री घेऊन चालते, आणि आमच्याकडं पाऊस म्हणजे रोजचा पाहुणा. जेवणात मीठ घालत नाही. लोणचं नाही, पापड नाही. खारं मासं तर उंबऱ्याच्या आत येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दवाखान्यात जाते, दंडाला पट्टा बांधून घेते आणि रक्तदाब मोजून घेते. इथं त्याला तांसियों म्हणतात, आमची म्हातारीकोतारी माणसंसुद्धा तांसियोंच म्हणतात. माझा चांगला असतो. नेहमीच चांगला असतो. शाळेतल्या बायका हसतात, "मिस, तुम्ही शंभरी गाठणार." हेडमास्तरांनी तर एकदा मला वर्गापुढं उभं करून मुलांना सांगितलं की तब्येत कशी राखावी ते हिच्याकडून शिका. मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, लाजले.

शंभरी गाठायची — कुणासाठी? बिनमिठाचा भात एकटीनं गिळायला?

गेल्या महिन्यात काय झालं ते आधी सांगते. दवाखान्यात माझ्या पुढं एक मुलगी होती, विशीतली, बरोबर तिची आई. आपलीच माणसं, मराठी. डॉक्टर फ्रेंचमध्ये बोलायचा आणि ती आईला मराठीत सांगायची. मोडकीतोडकी मराठी हो, अर्धे शब्द क्रेओल, इथल्या रोजच्या बोलीतले. मध्येच अडायची, कपाळाला हात लावायची, "थांबा, दोक्तेर" म्हणायची आणि शब्द शोधायची. पण सोडत काही नव्हती. डॉक्टर म्हणाला तेल कमी, तिनं सांगितलं तेल कमी. डॉक्टर म्हणाला जिना चढताना धाप लागली तर लगेच या, तिनं तेही सांगितलं. आई वैतागून म्हणाली, "पुरे गं, कळलं." तर ती म्हणते, "नाही, अजून आहे, ऐक." मी बाकावर बसून तिचा शब्द न् शब्द तपासत होते. काहीतरी गाळेल म्हणून वाट बघत होते. काय माणूस आहे बघा मी — तिनं गाळावं असं मला वाटत होतं. तिनं काही गाळलं नाही. माझा नंबर आला तेव्हा मी उठून घरी निघून आले.

आता आईकडं येते.

आमचं घर ग्रां बुआ गावात. चारी बाजूंनी ऊस. बाबा मी लहान असताना गेले. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, त्यानं ऊस तोडून मला शिकवलं. हे वाक्य मी किती सहज बोलून गेले. ऊस तोडणाऱ्याचे हात तुम्ही बघितलेत का? त्या हातांनी तो माझ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायचा, आणि कोपरा वाकडा झाला की पुन्हा सगळं सोडून नव्यानं घालायचा. वहिनीपण मळ्यात कामाला. त्यांना मूलबाळ नाही. म्हणजे दिवसभर घरी आई, गाय आणि मी.

माझी शाळेची मोठी परीक्षा झाली आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी निवड झाल्याचं पत्र आलं. आमच्या गल्लीत असं पत्र कुणाच्या घरी आलं नव्हतं. दादानं ते शर्टाच्या खिशात ठेवून दोन दिवस गावभर मिरवलं. पण त्याच सुमारास आईचं डोकं मागून दुखायला लागलं होतं. मानेपासून वर. सुंठ उगाळून लावायची, फडकं आवळून बांधायची आणि कामाला लागायची. चढावर गवताचा भारा घेऊन आली की दाराशी बसून राहायची, बोलायला श्वास पुरायचा नाही. दादा मला म्हणाला, "तिला सूयाकला घेऊन जा, डॉक्टरला दाखव. आई धडधाकट असेल तर तू खुशाल शिकायला जा. तिला काही असलं तर मात्र बाय, घर बघायला तूच राहायला हवीस." रागानं नाही म्हणाला. सरळ म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. घरात दुसरं होतं कोण?

आता कळलं तुम्हांला मी कुठं चालले आहे ते. मलाही कळतंय. तरी सावकाशच जाऊ.

आईला क्रेओल यायची ती बाजारापुरती. भाव विचारायचा, घासाघीस करायची, झालं. डॉक्टर बोलायचा फ्रेंच, आणि तीही भरभर. त्या खोलीत दोघांच्या मध्ये मी. त्यानं आईच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडं बघितलं, आणि पुन्हा फुगवला. तीनदा. मग तो माझ्याकडं वळला. भला माणूस होता. मला बसायला खुर्ची दिली, पायात चप्पल नव्हती तरी. तो म्हणाला, तुझ्या आईचं हृदय दोन माणसांचं काम करतंय. हे दुखणं बरं होत नाही, पण आवरून धरता येतं. मीठ बंद झालं, ओझं बंद झालं, गोळ्या चुकल्या नाहीत आणि दर महिन्याला इथं आणून तपासलं, तर ही बाई अजून वीस वर्षं तुझ्याबरोबर राहील. त्यानं वीस हा आकडा दोनदा सांगितला. नाहीतर — आणि त्यानं नुसते हात पसरले. मग विचारलं, नीट समजलं ना? मी मान डोलावून म्हटलं, "उई, दोक्तेर."

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हणाला गं?"

मी म्हटलं, "काही नाही म्हणाला. वयामुळं होतं. ताकदीच्या गोळ्या दिल्यात. जमलं तर दगदग कमी कर म्हणाला."

बस. एवढंच. तुम्हांला वाटलं असेल, किती वेळ घेतला असेल हिनं, काय मनात झगडली असेल. कसलं काय. पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. 'जमलं तर' हे दोन शब्द माझे, डॉक्टरनं ते उच्चारलेही नव्हते. ते मी माझ्या सोयीसाठी घातले, की पुढं कधी मनानं विचारलंच तर म्हणता यावं, सांगितलं होतं की दगदग कमी कर म्हणून.

डॉक्टरनं कागद लिहून दिला होता. वाटेत कुठंतरी फाडून टाकायचा असं मी ठरवलं होतं. पण आईनं हात पुढं केला. "दे इकडं. डॉक्टरचा कागद आहे, चांगलं लिहिलंय ना? देवापुढं ठेवते." मी दिला. तिनं घडी करून कंबरेला खोचला. मग म्हणाली, "माझा जीव टांगणीला लागला होता बाय. मला वाटलं, माझ्यापायी तुझं शिक्षण बुडतंय." आणि ती हसली. तिथंच समुद्राकडच्या बाजूला कोळणी बसायच्या, त्यांच्याकडून तिनं खारं मासं घेतलं. आनंद झाला म्हणून. घरी आल्यावर तव्यावर भाजलं, वर तिखट लोणचं, आणि माझ्या पानात मोठा तुकडा वाढला. मी खाल्लं. चवीनं खाल्लं हो, खोटं कशाला बोलू.

तिनं गोळ्या महिनाभर घेतल्या. आणि त्या महिन्यात तिचं डोकं दुखायचं थांबलं. फडकं खुंटीला गेलं. ती दादाला सांगायची, "ताकदीच्या गोळ्यांचा बघ कसा गुण आलाय." मी हे डोळ्यांनी बघत होते. मी अजून घरीच होते, माझ्या पेटीत कपडे भरत होते. महिना संपला, बाटली रिकामी झाली. डॉक्टरकडं नेणारी सूयाकची बस आमच्या तिठ्यावरूनच सुटत होती. मी ट्रेनिंगच्या बसमध्ये बसले.

आणि कागद देव्हाऱ्यात गेला. गणपतीच्या तसबिरीखाली, पत्र्याच्या डबीत. आई रोज त्याला हळदकुंकू लावायची. कुणी बाई घरी आली की डबी उघडून दाखवायची, घडी न उलगडता. "डॉक्टरनं लिहून दिलंय. मला काही नाही झालेलं." बायका हात जोडायच्या. देवाची वस्तू कोण उलगडून वाचणार? आणि आमच्या आळीत फ्रेंच वाचणारी होती तरी किती? एक मी. सुट्टीत घरी आले की मी दिवा लावायचं काम टाळायचे. अंघोळ झाली नाही म्हणायचे, केस ओले आहेत म्हणायचे, काहीही म्हणायचे.

श्रावणात आले तेव्हा तिचे पाय सुजले होते. मी बघितलं. तेव्हा तरी बोलायचं, नाही का? मी पायांना तेल चोळून दिलं आणि सोमवारी परत गेले. गणपतीला आमच्या अंगणात झाकरीचा फेर धरला होता, पोरं घुंगरू बांधून नाचत होती, आणि आई चुलीपाशी सगळ्या आळीचा स्वैपाक करून मग दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, आई, बस जरा. ती म्हणाली, "मला काय झालंय? कागद आहे माझ्याकडं." थट्टेनं म्हणाली.

विसर्जनानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी, गाईसाठी गवत कापताना ती बांधावर पडली. वहिनीला सापडली तेव्हा विळा हातातच होता.

मी पोचले तेव्हा दादा अंगणात बसला होता. रडत नव्हता. मला म्हणाला, "डॉक्टरनं बघितलं होतं ना गं? तीनदा पट्टा बांधला होता म्हणालीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"काही नाही म्हणाला होता ना?"

"हो."

तो थुंकला. "मग कशाला जायचं त्यांच्याकडं?" म्हणाला. "मरणाऱ्या बाईला चांगलं आहेस म्हणून लिहून देतात."

त्या भल्या डॉक्टरला तो जन्मभर शिव्या देत राहिला. लग्नाला जा, बारशाला जा, कुणी दुखण्याचा विषय काढला की दादाची तीच गोष्ट. डॉक्टर, कागद, आई. मी तिथंच बसलेली असायची, हातात चहाचा कप घेऊन. लोक माझ्याकडं वळायचे, "खरंच काय, मिस?" आणि मी मान हलवायची.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, एकोणीस वर्षांची पोर होतीस. थांबा. तेवढंच असतं तर कदाचित मी आज गप्पच राहिले असते. आईच्या वेळी मी काय केलं ते पाण्याच्या एका घोटात केलं. दादाच्या बाबतीत मी तेरा वर्षं केलं.

पस्तिशी उलटल्यावर दादाचं तोंड लाल दिसायला लागलं. मानेमागं हात चोळायचा, आई चोळायची तसाच. मला कळलं. मी तोवर शिकवायला लागले होते, मुलांना आरोग्याचे धडे देत होते, रक्तवाहिन्यांची चित्रं फळ्यावर काढत होते. मी दर रविवारी बसनं ग्रां बुआला जायची आणि त्याच्या मागं लागायची. दादा, तांसियों बघून घे. दादा, मीठ कमी कर. मळ्यावर नर्स यायची, सगळ्यांना तपासायची, एक पैसा लागत नव्हता. हा उठून गाईच्या गोठ्यात जाऊन बसायचा. "आईचं बघितलं होतं की," म्हणायचा.

यावर माझ्याकडं उत्तर होतं. एकच होतं. दादा, डॉक्टर बरोबर होता, मी खोटं बोलले, चल ऊठ. तेवढ्यानं तो उठला असता. मला मारलं असतं, तोंड बघितलं नसतं जन्मभर — पण दुसऱ्या दिवशी तो नर्सपुढं जाऊन उभा राहिला असता, मला पक्कं ठाऊक आहे. बसमध्ये जाताना मी ते वाक्य तयार करायची. फिनिक्सपासून ग्रां बुआपर्यंत मनात म्हणत जायची. आणि दारात पाय ठेवला की तो विचारायचा, "आलीस बाय? भूक लागली असेल." त्याला कौतुक फार होतं माझं. सगळ्या जगात मला मानणारं ते एकच माणूस उरलं होतं, आणि तेवढं मला सोडवलं नाही. तेरा वर्षांचे रविवार. मीठ कमी कर एवढंच म्हणत राहिले, आणि तो हसून पानात चिमूटभर जास्त घ्यायचा, मला चिडवायला.

गेल्या साली तोडणीच्या दिवसांत दादा गेला. छातीत कळ आली, खाली बसला, आणि उठला नाही. पन्नाशीसुद्धा नव्हती आली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी देव्हारा पुसत होती. तिनं ती डबी काढली. इतक्या वर्षांच्या कुंकवानं कागद लाल झाला होता, घड्यांवर फाटायला आला होता. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "वन्सं, सासूबाई गेल्या, हे गेले. आता मला एकदा वाचून दाखवा. काय लिहिलंय तरी काय यात?"

घरात आम्ही दोघीच. दुपार. माझ्यावर ओरडायला कुणी उरलं नव्हतं. मी घडी उलगडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो कागद वाचला, सगळा, खालच्या सहीपर्यंत.

आणि वहिनीला वाचून दाखवलं, "हिची तब्येत चांगली आहे. काळजीचं कारण नाही."

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. "बघा ना. असं लिहून द्यायचं आणि माणूस जायचं." कागद परत डबीत ठेवला आणि कुंकू लावलं. वहिनीही डॉक्टरकडं जात नाही. त्या घरात आता कुणीच जाणार नाही.

तो कागद अजून तिथं आहे. माझ्याकडं असायची गरजही नाही, अक्षर न् अक्षर डोळ्यांपुढं आहे. कुणाला कधी मराठीत सांगितला नाही तो, तुम्हांला सांगते. या वेळी काही गाळत नाही.

रक्तदाब फार वाढलेला. हृदयावर ताण. मीठ, खारवलेलं मासं, लोणचं पूर्ण बंद. ओझं उचलायचं नाही. गोळ्या रोज, न चुकता. दर महिन्याला तपासायला आणावं. हे दुखणं घराण्यात उतरतं, मुलांनीही तपासून घ्यावं, मोठ्या मुलानं लवकर.

आणि त्याखाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात — मुलगी शिकलेली आहे. तिला सगळं समजावून सांगितलं आहे.